वरातीची कॉन्टेसा

गेल्या रविवारी सकाळी चहा गाळत होतो, तेवढ्यात मामाच्या नातवाचा फोन आला. "काका, इंजिन खोललंय. कॅम निवडलाय. फोटो पाठवतो, फक्त बघून हो म्हणा."

'फक्त बघून हो म्हणा' असं म्हणणारी माणसं सल्ला मागत नसतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळायला लागलंय. तरी बघितलं. परदेशातून मागवायचा कॅमशाफ्ट, २८५ अंशांचा, आणि त्याखाली त्याने उत्साहात लिहिलेलं: "क्राऊन-पिनियन पण बदलतोय. हायवेला रेस कमी राहील."

चहा उतू गेला. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. "मंगळवारी सांगतो" म्हणालो. मंगळवार आला आणि गेला. फोनवर ही गोष्ट धड सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. आमच्या नातेवाइकांपैकी बरेच जण हे वाचतात, त्यांना अर्ध्या गोष्टी ठाऊक आहेत. उरलेली अर्धी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

गाडी कोणती ते आधी सांगतो. मामाची पांढरी कॉन्टेसा. नालासोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाडीच्या फाटकाशी ती वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी होती, ती तुम्ही पाहिली असेल. हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसा १९८४ साली आणली. विलायतेतल्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सचा सांगाडा आणि आत आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन. लांब बोनेट, रुंद छाती, चार गोल दिवे. बघणाऱ्याला वाटावं आत वाघ बसलाय, आणि आत बसलेली असायची पन्नास हॉर्सपॉवरची गरीब गाय. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा गाडीला खरा दम आला, पण मामाची गाडी त्याआधीची. २००२ साली कॉन्टेसा बंद झाली, आणि बंद झाल्यावर तिला 'भारताची मसल कार' असं नाव पडलं. माणूस गेल्यावर सगळे त्याला चांगलं म्हणतात, तसंच थोडं.

मामाने ती १९९० मध्ये सेकंडहँड घेतली. मामाची फुलांची वाडी, सोनचाफा आणि मोगरा. पहाटे टोपल्या लोकलने दादरला जायच्या, गाडीने नाही. गाडी होती लग्नांसाठी. आगाशी, बोळींज, अर्नाळा, सोपारा, पापडी, एवढ्या टापूत नवरदेवाला बसवून न्यायला पांढरी कॉन्टेसा म्हणजे मोठी शान होती. सजावटीची फुलं घरचीच. चालवायला मामा स्वतः, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. लग्नसराईचे दोन-तीन महिने ही गाडी घरात चार पैसे आणायची, आणि त्या पैशांवर वाडीतली बरीच कामं व्हायची.

आता मामा शहाऐंशीचा आहे. गुडघे गेलेत. येत्या मे महिन्यात नातीचं लग्न आहे, आणि नातवाने ठरवलंय की नवरदेव ह्याच गाडीतून येईल, शेजारी मामा बसेल. म्हणून इंजिन खोललंय. हेतू सोन्यासारखा आहे. प्रश्न फक्त कॅमचा आहे.

ज्यांना कॅम म्हणजे काय ते माहीत नाही (आत्या, तुम्हीही वाचा, सोपं आहे), त्यांच्यासाठी. इंजिनात हवा-पेट्रोल आत यायला एक झडप आणि धूर बाहेर जायला दुसरी. ह्या झडपा कधी उघडायच्या, किती उघडायच्या, किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे ठरवतो कॅमशाफ्ट. एका दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरतो, उंचवटा झडपेला ढकलतो, झडप उघडते. बस्स. उंचवटा जितका रुंद तितका वेळ झडप उघडी. तो वेळ अंशांत मोजतात.

आता विरार फास्टचं दार डोळ्यासमोर आणा. अंधेरीला गाडी थांबते. उतरणारे उतरतायत तोवरच चढणारे घुसायला लागतात. कॅममध्येही असंच असतं: धूर पूर्ण बाहेर पडायच्या आतच नवीन हवेची झडप उघडायला सुरुवात होते. गर्दीचा लोंढा वेगात असेल तर ह्याचा फायदाच होतो, बाहेर जाणारा लोंढा आपल्या मागे पोकळी सोडतो आणि त्या पोकळीत नवी माणसं आपोआप ओढली जातात. पण लोंढ्याला वेगच नसेल, दुपारी तीनची निवांत गाडी असेल, तर दारात नुसती धक्काबुक्की. उतरणारे आत ढकलले जातात, चढणारे बाहेर. तसंच दार बंद होण्याचं. गाडी सुटल्यावरही दार उघडं ठेवलं, तर जोरात धावत आलेला माणूस आत येतो. पण जोर नसेल तर आत उभा असलेलाच बाहेर लोंबकळतो. इंजिनात पिस्टन वर यायला लागल्यावरही इनलेट झडप उघडी राहिली, तर हजार आरपीएमला आत आलेलं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं, पाच हजारला मात्र ते स्वतःच्या वेगाने आत येतच राहतं.

म्हणजे रुंद कॅम ताकद निर्माण करत नाही. ताकद खालून उचलतो आणि वर नेऊन ठेवतो, आणि वर नेताना थोडी जास्तही देतो. पण खालची जाते ती जातेच.

नातवाच्या डोक्यात जे आहे ते अमेरिकन व्हिडिओंमधून आलंय, ह्यात मला शंका नाही. शेवरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८, मोठा कॅम, आणि उभ्या गाडीचा तो अडखळता आवाज. धक... धक-धक... धक. तो आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू? तो आवाज म्हणजेच ती दारातली धक्काबुक्की. इंजिन कमी रेसवर नीट श्वास घेऊ शकत नाही, त्याची ती धाप आहे.

पण त्या लोकांचं गणित बघा. ३५० क्युबिक इंचांचं स्मॉल-ब्लॉक म्हणजे साधारण ५७३५ सीसी. आपलं १४८९. चौथा हिस्सा. शेठजीने लग्नात शंभराच्या नोटा उडवल्या म्हणून आपण घरभाडं उडवायचं नसतं. त्यांच्याकडे खालच्या रेसवर इतका जोर असतो की निम्मा घालवला तरी गाडी सिग्नलला टायर जाळते. आपल्याकडे आहे तो जोर गाडीला उड्डाणपुलावर चढवण्यापुरताच.

(एक गंमत. शेवरोले गाड्या कधीकाळी मुंबईतच जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. स्मॉल-ब्लॉक आलं १९५५ च्या मॉडेलमध्ये. एका वर्षाने हुकलं. नाहीतर आमच्या मामाने काय घेतलं असतं कोण जाणे!)

आणि त्या अमेरिकन लोकांचीसुद्धा एक गोष्ट व्हिडिओ बघणारे विसरतात. १९५७ च्या कॉर्व्हेटमध्ये कंपनीने स्वतःच तो प्रसिद्ध डंटॉव्ह कॅम घातला होता. २८३ क्युबिक इंचांतून २८३ हॉर्सपॉवर, पण कधी? ६२०० आरपीएमला. आणि त्या गाडीला मागचा अ‍ॅक्सल कोणता होता? ३.७० हा साधा, आणि हवा असेल तर ४.११ किंवा ४.५६. म्हणजे कॅम रुंद, तर गिअर आखूड. इंजिन सतत वरच्या रेसवर राहावं, खाली यायची वेळच येऊ नये, म्हणून. ही जोडी आहे. कॅम आणि क्राऊन-पिनियन ही एका घरातली माणसं. एकाला न विचारता दुसऱ्याचं लग्न ठरवता येत नाही.

आमच्या नातवाने नेमकं उलट केलंय. कॅम रुंद आणि गिअर लांब. कॅमला वर धावायचंय आणि गिअर त्याला खाली बसवतोय. दोन्ही निवडी सुट्या सुट्या घेतल्या तर चुकीच्या नाहीत. दोन्ही मिळून मात्र गाडीची वाट लागते.

आता आकडे. नुसतं 'मला वाटतं' म्हणून चालणार नाही, पोरगा इंजिनिअर आहे. कॉन्टेसातलं हे इंजिन म्हणजे विलायतेतल्या बीएमसीच्या बी-सीरिज घराण्यातलं. ह्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५५ पासून एमजीए नावाच्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये होतं, आणि तिथे ते सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर द्यायचं. नातवाचा मुद्दा हाच: त्यांना सत्तर मिळते तर आपल्याला का नाही? मिळेल की. पण एमजीए वजनाने खूपच हलकी, दोन माणसांची, दोन कार्ब्युरेटरवाली, आणि तिच्या मागे ४.३ चा आखूड अ‍ॅक्सल. म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या ४.३ फेऱ्यांना चाकाची एक फेरी.

मामाच्या गाडीचं चाक मी सुतळी गुंडाळून मोजलं. घेर १ मीटर ९० सेंटीमीटर भरला, वजनाखाली दबलेला. एमजीएचेच गिअर धरू, पहिला ३.६४. स्लो ७५० वर सेट केलाय, पहिला गिअर टाकून क्लच सोडला, अ‍ॅक्सिलरेटरला पाय नाही. गाडी ताशी साडेपाच किलोमीटरने सरकेल. माणूस भरभर चालतो तेवढी. आता २८५ अंशांच्या कॅमने ७५० वर इंजिन टिकणार नाही. स्लो वर घ्यावा लागेल, समजा अकराशे. तोच गिअर, तोच अ‍ॅक्सल, गाडी आठने सरकेल. त्यात लांब अ‍ॅक्सल टाका, एमजीबीसारखा ३.९ चा, तर पावणेनऊने. आणि वरातीचा वेग किती? बँडवाल्याचा, काकवांचा आणि नाचणाऱ्या पोरांचा मिळून? ताशी दोन-तीन, तेही मध्ये मध्ये थांबत.

मग ड्रायव्हर काय करणार? अर्धा क्लच दाबून ठेवणार. दीड तास. मे महिन्यात. क्लच प्लेटचा वास फुलांच्या वासात मिसळला की कसं वाटतं ते मला माहीत आहे.

आणि लांब अ‍ॅक्सलने मिळवलं काय? टॉप गिअरमध्ये ताशी ८० ला ४.३ च्या अ‍ॅक्सलने इंजिन तीन हजारवर फिरतं, ३.९ ने पावणेतीन हजारवर. अडीचशे आरपीएम. तेवढ्यासाठी? आणि हायवे म्हणजे कोणता? वसई फाट्याहून घोडबंदरच्या खाडीपुलाकडे जाणारा? तिथे ताशी ८० कधी मिळतात ते मला एकदा कोणीतरी दाखवा. :)

ह्या इंजिनाची अजून एक खोड आहे आणि ती कॅमच्या निवडीत फार महत्त्वाची. ह्याच्या हेडमध्ये चार सिलिंडरना आत घ्यायची दारं दोनच. एक आणि दोन नंबरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून एक. फायरिंगचा क्रम १-३-४-२. म्हणजे दोननंतर लगेच एक, आणि तीननंतर लगेच चार. एकाच दारातून पाठोपाठ दोघे श्वास घेतात. झडपा जास्त वेळ उघड्या ठेवल्या तर पहिल्याचं संपायच्या आत दुसरा ओढायला लागतो, आणि एकाच्या ताटातलं दुसरा खातो. म्हणून ज्या व्ही-८ ला प्रत्येक सिलिंडरचं दार वेगळं, तिथले अंश इथे उचलून लावता येत नाहीत. खुद्द एमजीबीला, जी स्पोर्ट्स कार म्हणूनच विकली गेली, कंपनीने दिलेला कॅम होता २५२ अंशांचा: इनलेट १६ अंश आधी उघडायची आणि ५६ अंश नंतर बंद व्हायची. त्यावर ती गाडी सिग्नलला शांत उभीही राहायची. कारखान्यातली माणसं मूर्ख नव्हती.

आता ती न सांगितलेली अर्धी गोष्ट.

१९९४. मी बाविशीचा, डिप्लोमा झालेला, नोकरी नवी, अक्कल नुकतीच आल्यासारखी वाटत होती. मामाला मुलगा होता पण त्याला गाडीत रस नव्हता, त्यामुळे कॉन्टेसा म्हणजे जवळजवळ माझीच. उड्डाणपुलावर ती दमायची, मागून फियाट हॉर्न वाजवत पुढे जायची, आणि मला ते सहन व्हायचं नाही. मुंबईत एका गॅरेजमध्ये कॅम घासून 'रेसिंग' करून देतात असं कळलं. नाव घेत नाही, त्यांचा दोष नव्हता. मी मागितलं ते त्यांनी दिलं. जुन्या कॅमचा खालचा गोल घासून उंचवटा उंच आणि रुंद करतात तसा एक दुसरा कॅम त्यांनी तयार करून दिला. टॅपेट नवे घातले. मामाला मी सांगितलं, "पिकअप वाढेल." मामाने विचारलं, "अ‍ॅव्हरेज?" मी म्हटलं, "तेवढंच राहील." ते खोटं होतं आणि मला माहीत होतं.

पहिल्या रात्री मी एकटाच घेऊन निघालो. हायवेवर तीन हजारच्या पुढे गाडी अशी उठली की मी एकटाच ओरडलो. आजही आठवतं. असं नाही की त्या कॅममध्ये काही नव्हतं. होतं.

दहा दिवसांनी आगाशीची वरात. नवरदेव मागे, करवली मागे, मामा व्हीलवर, मी पुढे शेजारी. बँड सुरू झाला. पहिल्या वीस पावलांत गाडीने दोन झटके दिले. मामाने क्लच दाबला, रेस दिली, आवाज मोठा झाला, बँडवाला मागे वळून बघायला लागला. रेस सोडली की बंद. परत स्टार्टर. परत झटका. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा प्लग काळे झाले होते आणि पेट्रोलचा वास आत भरला होता. रेडिएटरची सुई लाल रेघेला टेकलेली. मामा घामाने चिंब, शर्टाची इस्त्री गेलेली. शेवटी तो खाली उतरला, बाहेरून स्टिअरिंग धरलं आणि दरवाजाच्या चौकटीला खांदा लावला. पोरांनी मागून ढकललं. मांडवापर्यंत. लोक हसत होते, वाईट हेतूने नाही, लग्नात हसतात तसे. नवरदेवाचे वडील मात्र हसत नव्हते.

परतताना रात्र झाली होती, गाडी थंड झाल्यावर चालू झाली. मामा फाटकापर्यंत काही बोलला नाही. फाटक उघडायला मी उतरलो तेव्हा म्हणाला, "गाडी पळते रे तुझी. पण चालत नाही."

रागावला असता तर बरं झालं असतं. 'तुझी' हा शब्द मला तीस वर्षं पुरला.

त्या मोसमातल्या पुढच्या दोन तारखा लोकांनी स्वतःहून रद्द केल्या. छोट्या टापूत बातमी गाडीपेक्षा आधी पोचते. त्या वर्षी विहिरीवर नवी मोटर बसणार होती, ती बसली नाही. मोगऱ्याची एक रांग उन्हाळ्यात गेली. मामाने माझ्याशी हिशेब कधी केला नाही, मामीने एकदाच विषय काढला आणि मामाने तिला थांबवलं. पावसाळ्यात मिस्त्री बोलावून त्याने जुना कॅम परत बसवला. मी तो भंगारात द्यायला काढला होता, पण मामाने ग्रीस लावून जुन्या धोतरात गुंडाळून पलंगाखाली ठेवला होता. कधी ठेवला, मला पत्ताच नाही. बहुतेक मी बदलला त्याच दिवशी.

असो.

तर मग आता करायचं काय? माझं मत सरळ आहे. निवड उलट्या बाजूने सुरू करायची. कॅमपासून नाही, रस्त्यापासून. ही गाडी कुठे जाणार? निर्मळ ते सोपारा, जत्रेतली गर्दी, वराती, आणि कधीतरी रविवारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत मामाला हवा खायला. म्हणजे शंभरातले नव्वद मिनिटं इंजिन अडीच हजारच्या खाली. तिथे ज्याचा जोर तो कॅम आपला. अ‍ॅक्सल आहे तो राहू दे. मागचं चाक उचलून, दुसरं चाक जमिनीवर ठेवून, शाफ्टला खडूची खूण करून फेऱ्या मोज, म्हणजे नेमका कोणता आहे ते कळेल (एकच चाक फिरतं तेव्हा ते दुप्पट फिरतं, म्हणून चाकाच्या दोन फेऱ्या मोजायच्या, हे विसरू नको). आखूड निघाला तर आनंद मान. पाच गिअरचा इसुझूचा बॉक्स बसवायची कल्पना मोहात पाडणारी आहे, लांब टॉप गिअर मिळतो आणि पहिला आखूडच राहतो. खरं उत्तर तेच. पण तो बॉक्स दुसऱ्या इंजिनासाठीचा. जोडणी बनवून घ्यावी लागेल, आणि मेपर्यंत ते नीट होईल असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी कर.

कॅम बदलायच्या आधी जुना कॅम मायक्रोमीटरने मोज. आठही उंचवटे. एक-दोन झिजले असतील तर 'गाडीत दम नाही' ह्याचं अर्ध कारण तिथेच आहे. उरलेलं अर्ध टायमिंग चेनमध्ये. इतक्या वर्षांत चेन ताणली गेली की कॅम आपोआप काही अंश मागे पडतो, झडपा उशिरा बंद होतात, आणि खालचा जोर जातो. म्हणजे रुंद कॅमने जे नुकसान होतं त्यातलं थोडं फुकटातच झालेलं असतं. नवी चेन टाक, डिग्रीची चकती लावून कॅम जागेवर आहे का बघ. दोन-तीन अंश पुढे घेतला तरी चालेल, खाली अजून थोडा जोर मिळेल. हे सगळं मिळून त्या परदेशी कॅमच्या टपालखर्चात होईल.

उंचवटे फारच गेले असतील तर नवा कॅम घे, नको म्हणत नाही. पण कारखान्याच्या मापाचा, किंवा फार तर तो एमजीबीचा २५२ वाला. आणि टॅपेट जुने ठेवू नको, नव्या कॅमवर जुने टॅपेट म्हणजे दोन्ही आठवड्यात खलास. बसवताना उंचवट्यांना मॉलिब्डेनमची पेस्ट चोपड. पहिल्यांदा चालू झालं की वीस मिनिटं दोन हजारच्या खाली आणू नको. आजच्या ऑइलमध्ये जस्ताचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असतं, ह्या जुन्या इंजिनांच्या सरकत्या टॅपेटना ते लागतं, तेव्हा ऑइल विचारून घे. आणि पीयूसीवाला नळी लावतो ती स्लोवरच. २८५ अंशांचा कॅम घालून तिथे उभा राहिलास तर काय होईल ते मी सांगायची गरज नाही. गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, हे पण लक्षात असू दे.

हायवेवर ती उठेल का? नाही उठणार. मागून कोणी हॉर्न वाजवेल का? नक्की वाजवेल. त्याला जाऊ दे पुढे.

माझ्या ह्या मताला एक बाजू आहे, ती लपवत नाही. त्या रात्री तीन हजारच्या पुढे मी ओरडलो होतो, आणि ते ओरडणं मला कोणी सल्ला देऊन थांबवलं असतं तर मी त्याला कधी माफ केलं नसतं. नातू आज त्याच वयाचा आहे. त्याने मामाची गाडी सोडून दुसरी एखादी घ्यावी, तिला हवा तो कॅम घालावा, आखूड अ‍ॅक्सल टाकावा, मी स्वतः टायमिंग लावायला येईन. पण ह्या गाडीच्या पुढच्या सीटवर शहाऐंशी वर्षांचा माणूस बसणार आहे, आणि तो एकदा ती ढकलून बसलाय.

काल संध्याकाळी मामाकडे गेलो होतो. खाटेवर बसला होता, पाय शेकत. ऐकायला कमी येतं आता. कॅम, अंश, अ‍ॅक्सल, त्याच्या समोरच नातवाशी माझी बरीच वादावादी झाली. पोरगा म्हणाला, मोजून बघतो आधी, मग ऑर्डरचं ठरवतो. एवढं मान्य केलं त्याने, त्याहून जास्त नाही. निघताना मामाने मला जवळ बोलावलं. मला वाटलं गुडघ्याच्या औषधाचं काही असेल.

"स्लो नीट बसेल ना रे तिचा?"